अंगणातली पांढरी गुंज

पांढऱ्या गुंजेची चार-सहा पानं तोंडात टाकून चावली तर आधी नुसता हिरवा पाला लागतो. किंचित तुरट, किंचित उग्र. नवखा माणूस विचारतो, यात गोड काय आहे? तेवढ्यात जिभेच्या मागून गोडी वर यायला लागते आणि मग थांबतच नाही. पाला थुंकून टाकला तरी गोडी राहते, वरून पाणी प्यायलं तरी राहते. साखरेची गोडी लगेच लागते आणि लगेच जाते. ही उशिरा येते आणि रेंगाळते.

याच वेलीच्या शेंगेत जे बी पिकतं ते चावून गिळलं तर माणूस जाऊ शकतो. लहान लेकराला तर एखादं बीसुद्धा पुरे. पाल्यात गोडी आणि बियांत जहर, दोन्ही एकाच वेलीवर. गेली काही वर्षं मी ही वेल अंगणात वाढवते, पाला वाळवून विकते. माझं बघून आणखी बायका रोपं मागायला येतात. त्यांना तोंडी सांगते ते सगळं एकदा नीट लिहून काढावं असं बरेच दिवस मनात होतं. वेल लावायची असेल त्यांनी शेंगांबद्दलचा भाग वाचल्याशिवाय लावू नये, एवढी विनंती.

आमचं गाव अमरावती जिल्ह्यातल्या अंजनगाव सुर्जी तालुक्यात. उत्तरेला गाविलगडचा डोंगर, त्यापलीकडे मेळघाट. हा भाग पानमळ्यांचा. इथले बारी लोक पिढ्यान्‌पिढ्या नागवेल करत आले. नागवेलीचे मळे आता कमी झाले, पण पानपिंपरी, म्हणजे औषधी पिंपळीची वेल, अजूनही अंजनगाव, अकोट, तेल्हाऱ्याकडे होते. माझं माहेर पानमळेवाल्यांचं नाही आणि सासरही नाही. आमची कोरडवाहू पऱ्हाटी, म्हणजे कापूस, आणि तूर. पण मळ्यांच्या गावात राहिलं की वेलीचं थोडंफार कळायला लागतं. पांगाऱ्यावर आणि शेवरीवर वेल कशी चढवतात, कोणत्या दिवसांत ऊन लागू द्यायचं, कोणत्या दिवसांत सावली धरायची, हे सगळं येता-जाता डोळ्यांखालून गेलेलं होतं. गुंजेच्या वेळी ते कामाला आलं.

लाल गुंज आमच्याकडे कोणालाही नवी नाही. धुऱ्यावरच्या, म्हणजे बांधावरच्या, बोरी-बाभळीवर, हिवरावर ती आपोआप चढते. हिवाळ्यात शेंगा तडकल्या की काट्यांच्या झुडपात लाल ठिपके दिसतात. लहानपणी मातीच्या बैलाला डोळे लावायला आम्ही त्याच गुंजा वेचून आणायचो. पांढरी गुंज मात्र धुऱ्यावर सहसा सापडत नाही. पाला दोन्हींचा गोड असतो, पण विड्याच्या पानात घालायला, घशाला लावायला आमच्याकडे पांढरीच मागतात. मला बी मिळालं ते एका बारी आजींकडून. त्यांच्या मळ्याच्या कडेला एक जुनी वेल होती, खोड मनगटाएवढं. माघात शेंगा वाळल्यावर त्यांनी मूठभर बिया फडक्यात बांधून दिल्या आणि म्हणाल्या, "पोरीऽ, पाला खाय, बी कोणाच्या हाती देऊ नोको." त्यांनी त्या वेळी हे ज्या सुरात सांगितलं, त्याच सुरात आता मी सांगते.

बी पाहिलं तर कोणालाही हातात घ्यावंसं वाटेल. ज्वारीच्या दाण्याहून मोठं, अंडाकृती, चिनी मातीसारखं चकचकीत पांढरं, आणि एका टोकाला काळा डाग. लाल गुंजेला तोच काळा डाग असतो, तिथं रंगामुळे जास्त उठून दिसतो. सगळ्या बिया जवळजवळ एका वजनाच्या मानत, म्हणून सोनार पूर्वी गुंजांनी सोनं तोलायचे. आठ गुंजांचा एक मासा, बारा मासे म्हणजे तोळा. तोळा ११.६६ ग्रॅमचा धरला तर एक गुंज साधारण ०.१२ ग्रॅम भरते. अंजनगावच्या बाजारातल्या एका जुन्या सोनाराच्या दुकानात मी ती डबी पाहिली आहे. वापर बंद होऊन किती वर्षं झाली, पण बियांची चकाकी अजून तशीच.

ही चकाकी म्हणजे बियांचं कवच. ते इतकं टणक असतं की पाणी आत जात नाही. तसंच मातीत टाकलं तर बी महिनोन्‌महिने पडून राहतं. ते रुजवायचं तर कवचाला वाट करून द्यावी लागते. काही लोक कानसीनं किंवा सँडपेपरवर घासतात. मी ते केलं नाही, आणि कोणी करू नये असं माझं स्पष्ट मत आहे. घासताना उडणारी पूड आतल्या जहराची असू शकते. ती नाकात गेली, डोळ्यांत गेली, हातावरच्या जखमेत गेली तर? माळा करण्यासाठी गुंजांना भोक पाडणाऱ्यांनाही हाच धोका.

मी गरम पाण्याची रीत धरली. त्यासाठी स्वयंपाकाचं भांडं घ्यायचं नाही. मी एक जुना पत्र्याचा डबा त्यासाठीच वेगळा ठेवला आहे, त्यावर लाल रंगाची पट्टी मारली आहे. पाणी उकळून खाली उतरवायचं, वाफ जराशी बसू द्यायची आणि बियांवर ओतायचं. झाकून रात्रभर ठेवायचं. सकाळी पाहिलं तर काही बिया जवळजवळ दुप्पट फुगलेल्या असतात, चकाकी गेलेली, कवच मऊ. काही जशाच्या तशा टणक. फुगलेल्या चमच्यानं वेगळ्या काढायच्या, उरलेल्यांवर पुन्हा गरम पाणी. दोन-तीन खेपेला बऱ्याचशा येतात. न फुगणाऱ्याही असतात, त्यांच्या मागे लागायचं नाही. ते पाणी मोरीत किंवा कोंबड्या पितात तिथं ओतत नाही. अंगणाबाहेर खड्डा करून त्यात ओततो आणि माती लोटतो. फुगलेलं बी जास्त जपायचं, कारण कवच मऊ झालं म्हणजे जहर आता बंद राहिलेलं नाही. हातमोजे घालूनच ते हाताळायचं. फवारणीसाठी घरात आणलेले रबरी हातमोजे इथं कामाला येतात.

आमची जमीन काळी, भारी. पावसाळ्यात चिखल आणि उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा. कोवळ्या मुळाला ती मानवत नाही. म्हणून पिशव्यांमध्ये पोयटा, नदीची वाळू आणि कुजलेलं शेणखत भरलं आणि मृग लागायच्या तोंडाशी बी लावलं. बियाच्या दुप्पट खोल, त्याहून खाली नाही. सगळी एकदम उगवत नाहीत. कोणी आठवड्याभरात डोकं वर काढतं, कोणी महिना लावतं. पिशवी रिकामी दिसली म्हणून उलटून टाकायची घाई करू नये. उलटायचीच झाली तर बी शोधून काढल्याशिवाय माती कुठे टाकू नये.

रोप आधी अगदी नाजूक असतं. दोऱ्याएवढी वेल, त्यावर चिंचेसारखी संयुक्त पानं, पण चिंचेपेक्षा मऊ आणि फिक्या हिरव्या रंगाची. एका दांडीवर पानांच्या आठ-दहा जोड्यांपासून वीसेक जोड्यांपर्यंत. संध्याकाळी ही पानं मिटतात. पहिल्यांदा पाहणाऱ्याला वाटतं रोप सुकलं, आणि तो धावत जाऊन पाणी घालतो. सकाळी पुन्हा उघडतात. पिशवीतून काढून जमिनीत लावताना मुळं पाहिली तर त्यांवर बारीक गाठी दिसतात, तुरीच्या मुळांवर असतात तशाच. गुंज त्याच शेंगवर्गातली, हवेतला नत्र मुळाशी धरणारी. त्यामुळे खताची फार मागणी नाही. दरवर्षी पावसाळ्याआधी बुडाशी दोन घमेली शेणखत टाकलं की भागतं.

जागा कुठे धरायची यावर आमच्या घरात बरीच चर्चा झाली. यांचं म्हणणं, वावरात विहिरीजवळ लावू, पाणी आहे. मला ते नको होतं. वावराच्या चहूबाजूंनी पऱ्हाटी. श्रावण-भाद्रपदात फवारण्या सुरू झाल्या की वाऱ्यावर काय उडत येईल सांगता येत नाही, आणि गुंजेचा पाला तर कच्चाच खायचा. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी आणि मजूर दगावले, त्या बातम्या अजून डोळ्यांसमोर आहेत. तेव्हापासून खायच्या पाल्याला फवाऱ्याच्या वाऱ्यात ठेवायचं नाही हे मी मनाशी पक्कं केलं आहे. शेवटी घराच्या पूर्वेच्या अंगणात लावायची ठरली. त्यावर आत्याबाई म्हणाल्या, "अवं, लेकरं खेयतात थ्या आंगनात जहर कायले लावतं तू?" त्यांचं म्हणणं चुकीचं नव्हतं. त्यांना मी उत्तर दिलं नाही. तारेची जाळी आणली, कमरेएवढं कुंपण करून घेतलं, त्याला फाटक बसवलं आणि मगच वेली लावल्या. त्यानंतर आत्याबाईंनी विषय काढला नाही, उलट फाटकाची कडी लावली की नाही हे त्याच रोज संध्याकाळी पाहतात.

मांडवाला बांबू लावले आणि मधून सुतळी ताणली. तुराट्याही चालतात, पण दुसऱ्या वर्षी कुजून मोडतात आणि तोवर वेल जड झालेली असते. पहिल्या वर्षी वेल फार वाढत नाही. पाला तोडायचा मोह आवरावा, तिला अंग धरू द्यावं. दुसऱ्या पावसाळ्यात मात्र ती मांडव भरून टाकते. खोड तपकिरी, लाकडासारखं होतं. उन्हाळ्यात आमच्याकडे पारा पंचेचाळिशीला टेकतो, तेव्हा पानं झडतात आणि वेल मेल्यासारखी दिसते. बुडाशी ओल राखली आणि पालापाचोळ्याचं आच्छादन दिलं तर रोहिणीचे दोन सडाके पडले की गाठीगाठीतून फुटते. वैशाखात मी जुन्या फांद्या कात्रीनं मागे घेते, म्हणजे नवी फूट हाताच्या उंचीवर येते. शेंगा खुडायला हात पोचला पाहिजे, हा त्यामागचा खरा हेतू.

कोवळ्या शेंड्यांवर मावा येतो. निंबोळी अर्क मारला तर मावा जातो, पण निंबाचा कडूपणा पाल्यावर राहतो आणि गुंजेची सगळी गोडी वाया जाते. मी सकाळी पाण्याची धार जोरात मारते, शेंडे फारच भरले असतील तर खुडून गाईपासून दूर पुरून टाकते. एवढ्यावर निभतं.

आता शेंगांचं. भाद्रपदापासून पानांच्या बेचक्यात फुलांचे घोस यायला लागतात. लाल गुंजेची फुलं जांभळट-गुलाबी, पांढरीची फिकी. तुरीच्या फुलासारखीच घडण, लहान, दाटीवाटीनं बसलेली. दिसायला चांगली, पण मी ती ठेवत नाही. आठवड्यातून एकदा तरी फाटक आतून लावून वेलीखाली बसते आणि हाताला लागेल तो घोस खुडते. पानाआड काही राहून जातातच. त्यांच्या शेंगा होतात, मऊ लव असलेल्या, बोटाच्या दोन पेरांएवढ्या, आत तीनापासून सहापर्यंत दाणे. म्हणून आश्विन-कार्तिकात दुसरी पाहणी शेंगांसाठी. हिरव्या असतानाच काढायच्या. एकदा वाळली की शेंग तडकते, तिच्या फाका पिळवटतात आणि दाणे फाकेला चिकटून बाहेरून दिसायला लागतात. लेकरांची नजर जाते ती याच वेळी. वारा आला की दाणे खाली गळतात, आणि काळ्या मातीच्या भेगेत गेलेला पांढरा दाणा सापडत नाही. त्यासाठी वेलीखालची जमीन मी सारवून ठेवते, भेग पडू देत नाही. काढलेल्या शेंगा खोल खड्ड्यात. चुलीत टाकायच्या नाहीत, उकिरड्यावर टाकायच्या नाहीत; तिथं कोंबड्या असतात, पोरं असतात.

हे सगळं ऐकून एक बाई मला म्हणाली, एवढी भीती कशाला, आमच्या पोरानं तर गुंज गिळली होती, काही झालं नाही. खरं आहे. आख्खं बी गिळलं गेलं तर कवच पोटात विरघळत नाही आणि पुष्कळदा ते तसंच बाहेर पडतं. पण दातांखाली फुटलं, किंवा कवचाला आधीच भोक असलं, तर आतलं अब्रिन पोटात उतरतं. एरंडीच्या बीमध्ये जे जहर असतं त्याच जातीचं हे. शरीरातल्या पेशींना प्रथिनं तयार करू देत नाही आणि पेशी मरतात. त्यावर उतारा नाही, डॉक्टर लक्षणांवर उपचार करतात. आणि ते लगेच दिसत नाही, हे सगळ्यात वाईट. काही तास, कधी दिवस-दीड दिवस लेकरू खेळत राहतं. मग उलट्या, पोटात कळा, रक्ताची हगवण. म्हणून बी तोंडात गेल्याचा संशय आला तरी उलटी व्हायची वाट न पाहता दवाखाना गाठायचा, आणि तेच बी किंवा शेंग कागदात बांधून बरोबर न्यायची, म्हणजे डॉक्टरला काय खाल्लं ते कळतं. आमच्या गावात आरोग्याचं काम बघणाऱ्या आशाताईंना मी मुद्दाम बोलावून वेल दाखवली, बी दाखवलं. त्यांनी अंगणवाडीतल्या मदतनीस बाईंनाही आणलं. गावातल्या चार जबाबदार माणसांना ओळख असलेली बरी.

गुरांचंही तेच. जुन्या माणसांना 'सुतारी' माहीत आहे. गुंजा वाटून त्याच्या बारीक सुया वळायच्या, वाळवायच्या आणि कातड्यासाठी दुसऱ्याच्या जनावराला टोचायच्या. इंग्रजांच्या काळातल्या कागदपत्रांत याच्या नोंदी आहेत. बैल गेला म्हणजे शेतकऱ्याचं अख्खं वर्ष गेलं, त्यामुळे आत्याबाईंच्या पिढीला गुंज म्हटलं की आधी ती सुई आठवते. त्यांना वेलीचा धाक वाटला तो उगीच नाही.

आयुर्वेदात गुंजेला उपविषांत धरतात. वैद्य बी वापरतात ते दुधात किंवा कांजीत पोटली टांगून, तासन्‌तास शिजवून, शुद्ध करून. ते त्यांचं शास्त्र आणि त्यांचीच जबाबदारी. घरी कोणी असले प्रयोग करू नयेत. मुळाचंही तसंच. गुंजेचं मूळ गोडसर लागतं, ज्येष्ठमधाच्या नावाखाली ते विकलंही जातं. मी मूळ उकरत नाही, पोरांना उकरू देत नाही. गरोदर बाईला पालाही देत नाही. आणि गोड लागतो म्हणून कोणी पाल्याची भाजी करून ताटभर खाऊ नये. हा पाला चवीपुरताच खायचा.

पाला तोडायचा काळ श्रावणापासून मार्गशीर्षापर्यंत. सकाळी दव सुकल्यावर आणि ऊन तापायच्या आधी. दुपारनंतर पानं मिटायला लागतात, मग ती दांडीवरून नीट सुटत नाहीत. फार कोवळा शेंडा घ्यायचा नाही, त्याला गोडी कमी असते. पिवळं पडलेलंही नको. मधला, पुरता उघडलेला, गर्द झालेला पाला घ्यायचा. आख्खी दांडी खुडून टोपल्यात टाकायची. एका वेलीचा तिसरा हिस्सा तोडला की पुढच्या वेलीकडे जायचं. तोडताना टोपल्यात एकही शेंग येता कामा नये. म्हणून पाला तोडायचा आणि शेंगा खुडायचा असे दोन वेगळे दिवस ठेवले आहेत आणि दोन वेगळी टोपली. घरी आणल्यावर पाला पुन्हा जुन्या पांढऱ्या धोतरावर पसरून बघते. पांढऱ्यावर हिरवी शेंग चटकन दिसते.

वाळवण ओसरीत, सावलीत. उन्हात टाकलेला पाला दुपारपर्यंत पिवळट होतो आणि पानठेलेवाला तो हातात घेऊनच परत करतो. सावलीत वाळला तर हिरवा राहतो. आश्विनातल्या कोरड्या हवेत दोन दिवस पुरतात, श्रावणात मात्र घरात पंखा लावून ठेवावा लागतो, नाहीतर वास येतो. वाळला की पानं दांडीवरून आपोआप सुटतात. सुपात घेऊन हलकेच पाखडायचं, दांड्या वर येतात, पानं खाली राहतात. टोपलंभर ओल्याचं सूपभर वाळलेलं होतं. काचेच्या बरणीत बंद केलं तर गोडी वर्षभर टिकते. वाळल्यावर ती कमी होत नाही, हे मला आधी खरंच वाटलं नव्हतं. नंतर कळलं की ही गोडी साखरेची नाहीच. १९८९ साली शिकागोच्या इलिनॉय विद्यापीठातल्या संशोधकांनी गुंजेच्या पानांतून चार गोड पदार्थ वेगळे काढले, त्यांना अब्रुसोसाइड असं नाव दिलं. ते साखरेच्या तीसपट ते शंभरपट गोड भरले. ही माहिती मला माझ्या भाचीनं काढून दिली, ती अमरावतीला औषधनिर्माणशास्त्र शिकते. तिनं सांगितलं तेव्हा वेलीकडे बघण्याची माझी नजर बदलली. आपल्या धुऱ्यावरच्या काट्यात वाढणाऱ्या वेलीची पानं कोणीतरी इतक्या दूर, इतक्या बारकाईनं तपासली होती.

विक्रीची सुरुवात पानठेल्यापासून झाली. मिठ्या पानात कात-चुना, गुलकंद, बडीशेप, खोबऱ्याचा कीस, विलायची आणि वरून गुंजेचा पाला. ठेलेवाले भाऊ म्हणाले, "वहिनी, ओला पाला दिसाआड आनत जा. वायलेला मी कुटून मसाल्यात टाकतो, पन ओल्याले गिऱ्हाइक तोंडानं इचारते." ओला पाला ओल्या फडक्यात गुंडाळून दोन दिवस टिकतो. भाव ठरवायला अडचण आली नाही. एका गोष्टीवर मात्र मी अडले. त्यांनी खर्ऱ्यात, म्हणजे तंबाखू-सुपारीच्या पुडीत, टाकायला पाला मागितला, मी दिला नाही. आमच्या विदर्भात खर्ऱ्यानं किती तोंडं उघडेनाशी झाली, हे ज्याच्या त्याच्या घरात माहीत आहे. तंबाखूबद्दल सगळे बोलतात, पण नुसती सुपारीही कर्करोग करते, हे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेनं २००४ सालीच सांगितलं. माझ्या वेलीची गोडी त्या पुडीत जायला नको. बिनासुपारीचं पान लावून बघा म्हटलं. ठेलेवाल्या भाऊंनी बायका-पोरांसाठी तसं पान ठेवलं, आणि लग्नसराईत त्यालाच मागणी येते.

माझं दुसरं गिऱ्हाईक मला जास्त जवळचं वाटतं. आमचा जिल्हा तुकडोजी महाराजांचा. गुरुकुंज मोझरी इथून फार लांब नाही. गावोगावी खंजिरीवर भजन म्हणणारी मंडळं आहेत. पुण्यतिथीच्या दिवसांत रात्र-रात्र गाऊन घसा बसतो, तेव्हा गुंजेचा पाला आणि दोन लवंगा गालात धरायची रीत जुनी आहे. आमच्या शेजारचे एक काका मंडळात आघाडीला म्हणतात. त्यांना मी पहिल्यांदा पाला दिला तेव्हा रात्री मुद्दाम जाऊन ऐकलं. मधल्या विसाव्यात ते गाल फुगवून बसले होते, आणि पुढच्या भजनाला आवाज मोकळा लागला. आता भजनाच्या दिवसांत पाच-सहा गावांतून पुड्या जातात. मंडळाला मी विकत देत नाही. ते एखादं नारळ आणून देतात, तेवढं घेते.

तिसऱ्या प्रकारची माणसं मात्र मी फाटकातूनच परत पाठवते. दिवाळी जवळ आली की मोटारसायकलवर अनोळखी लोक येतात. त्यांना पाला नको असतो, पांढरी गुंज हवी असते. गल्ल्यात ठेवली की लक्ष्मी टिकते, अमुक नक्षत्रावर बांधली की माणूस वश होतो, असलं काहीबाही सांगतात. पाल्याच्या शंभर पुड्यांना मिळणार नाही एवढे पैसे मूठभर बियांचे देऊ करतात. हातात पैशाची गरज असते, नाही म्हणायला जड जातं, हे खोटं कशाला सांगू. पण मी दिलेलं बी कोणत्या घरात, कोणत्या उघड्या ताटलीत, कोणत्या रांगत्या लेकरापाशी पडेल, हे मला कळणार नाही. आणि वशीकरणाच्या नावानं बी उगाळून कोणाच्या चहात घातलं तर? असं घडूच शकत नाही असं मला म्हणता येत नाही. एकदा एक माणूस फार हटून बसला, तेव्हा आत्याबाईच बाहेर आल्या. "जहर इकत नाई आमी. पाला पायजे तं घे, नाई तं चाल," म्हणाल्या. ज्या वेलीला त्यांनी विरोध केला होता, तिच्यासाठी त्या अशा उभ्या राहतील असं मला वाटलं नव्हतं.

बी मी ठेवते ते फक्त पुढच्या रोपांपुरतं. एका वेलीच्या थोड्या शेंगा राखते, त्यांवर मलमलीची पिशवी बांधते, म्हणजे तडकल्या तरी दाणे पिशवीतच राहतात. माघात पिशवी उतरवून दाणे मोजून डब्यात घालते, डब्याला कुलूप, आकडा वहीत. लावताना वहीशी ताळा घालून बघते. बचत गटातल्या बायकांना मी हीच वही दाखवते.

त्यांना रोपं मी मृगात देते, बी नाही. पण आधी त्यांच्या घरी जाऊन जागा बघते. कुंपण नसेल तर रोप नाही. कुंपण असेल तर रोप, आणि आश्विनात मी पुन्हा जाऊन त्यांच्याबरोबर पहिल्या शेंगा खुडून येते. कोवळी शेंग पानाआड कशी लपते, तिची लव बोटाला कशी लागते, हे हाताला कळावं लागतं. या वर्षी तीन घरी वेली मांडवावर चढल्या आहेत. एका घरी सासूनं नको म्हटलं, लहान नातू आहे म्हणून. तिथं मी आग्रह केला नाही. तो शाळेत जायला लागला की रोप न्यायला येईन, असं त्यांची सूनबाई म्हणाली आहे. तिच्या नावाची पिशवी मी वेगळी भरून ठेवणार आहे.